कडेवरचे प्रवासी

मूल घेऊन निघालेल्या बाईला एसटीत चढताना तीन हात लागतात. एक दांडा धरायला, एक मुलाला, एक पिशवीला. देवाने दिलेत दोनच. तिसरा हात कुणाचा मिळतो, यावर तिचा पुढचा सगळा प्रवास ठरतो. वाहक म्हणून काम करताना तो तिसरा हात बऱ्याचदा माझा असतो, म्हणून हे लिहायला बसले.

माझी ड्युटी बरीच वर्षं चिपळूण-कराड गाडीवर आहे. शिरगाव, पोफळी मागे टाकून गाडी कुंभार्ली घाट चढते, घाटमाथ्यावर जरा दम खाते आणि मग हेळवाक, कोयनानगर, पाटण, मल्हारपेठ करत कराडला पोचते. शंभरेक किलोमीटरचा रस्ता. एकट्या माणसाने एक झोप काढावी आणि उतरावं, एवढाच. पण काखेत वर्षाचं, बोटाला चार वर्षांचं आणि पायाशी तांदळाची पिशवी असेल, तर हाच रस्ता केवढा लांबतो ते मी रोज बघते. मुलांबरोबरच्या प्रवासाचे सल्ले मासिकांत येतात, पण ते बहुतेक विमानाने किंवा स्वतःच्या मोटारीने जाणाऱ्यांसाठी असतात. बेबी सीट घ्या, घडीची बाबागाडी घ्या, हे घ्या, ते घ्या. माझ्या गाडीत येणाऱ्या आईकडे एक दुपटं असतं, एक पाण्याची बाटली आणि पुड्यातली उरलेली चार बिस्किटं. तिच्याबद्दल फार कुणी लिहीत नाही.

पहिली परीक्षा फलाटावरच. एरवी ठीक असतं, पण शिमगा, गणपती आणि मे महिन्याची सुट्टी म्हणजे मुलांचाच हंगाम. अर्धी गाडी मामाकडे निघालेली असते, उरलेली अर्धी मामाकडून परतत असते. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या आत पडतात. हे ठीक. पण रुमालाऐवजी मूलच खिडकीतून आत दिलं जातं, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. आत जो कुणी अनोळखी माणूस असेल तो ते मूल घेतो, सीटवर ठेवतो आणि आपली जागा धरायला निघून जातो. आई अजून दारातल्या रेट्यात. ती वर येईपर्यंत तीन वर्षांचं ते पोर बोहल्यावरच्या नवरदेवासारखं ताठ बसून असतं, रडायचंही विसरून. जागा त्याच्यामुळे मिळते, हे खरं. पण त्या चार-पाच मिनिटांत ते गाडीत अगदी एकटं असतं. दारात उभी राहून मी ओरडते, ‘‘मुलंवाल्यांना आधी चढू द्या!’’ ऐकणारे ऐकतात. न ऐकणाऱ्यांसाठी मी पायरीवर आडवी उभी राहते.

ती पहिली पायरी मोठ्या माणसालाही उंच पडते, तर तीन वर्षांच्या मुलाला ती जवळजवळ कमरेइतकी. आई खालून ढकलते, वरून कुणीतरी मुलाचं मनगट धरून ओढतं. इथे मी मध्ये पडते. लहान मुलाला एका मनगटाला धरून झटक्यात वर ओढलं की कोपराचा सांधा निसटतो. चार-पाच वर्षांपर्यंतच्या मुलांत हे सहज होतं. मग मूल तो हात लटका सोडून रडत राहतं, कुणाला कळतही नाही काय झालं. म्हणून दोन्ही बगलांत हात घालून उचलायचं. आई वर आली की पिशवी, सगळ्यात शेवटी गोणी. हा क्रम कुठल्या प्रशिक्षणात शिकवलेला नाही, कामानेच शिकवला.

मग तिकीट. नियम साधा आहे. पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. त्यामुळे ‘‘किती वर्षांचा?’’ हा माझ्या नोकरीतला सर्वांत नाजूक प्रश्न आहे. आई म्हणते, ‘‘चार पुरी व्हायचीत.’’ मांडीवरचे महाराज लगेच सांगतात, ‘‘मी पहिलीत आहे.’’ आई त्याच्याकडे बघते, मी मशीनकडे बघते. दिल्लीच्या मेट्रोत वय विचारतच नाहीत म्हणे, उंची बघतात. ९० सेंटिमीटरपर्यंतचं मूल मोफत. खांबाला खूण केली की प्रश्न मिटला. आमच्याकडे आईच्या तोंडावर भरवसा ठेवायचा असतो आणि बहुतेक वेळा तो ठेवण्याजोगा असतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं आणि हा नाजूक प्रश्न बराच सैल झाला. हिशेब बघा. आई आणि पाच वर्षांवरची दोन मुलं म्हणजे पूर्वी एक पूर्ण आणि दोन अर्धी, मिळून दोन तिकिटांचे पैसे. आता तीन अर्धी, म्हणजे दीड. हा फरक मला गाडीत दिसतो. पूर्वी मूल आजारी पडलं की बाप त्याला घेऊन कराडच्या दवाखान्यात जायचा आणि आई घरी काळजी करत बसायची. दोघांचं भाडं कशाला, असा विचार. आता आई स्वतः येते. माहेरी चार दिवस जायचं तरी थोरलीला शेजारी ठेवून धाकट्याला नेणं कमी झालंय, दोघं मुलं बरोबर असतात. दुपारच्या फेऱ्यांना तर कधीकधी निम्मी गाडी आया, आज्या आणि मुलं असते. सवलतीवर चर्चा झाली ती बायकांची आणि तोट्याची. तिच्यामुळे मुलंही जास्त फिरू लागली, हे कुणी फारसं बोललं नाही.

तिकीट आईच्या हातात दिलं की ते मुलाच्या हातात जातं आणि तिथून तोंडात. ट्रे आणि पंच होता त्या काळातली पातळ रंगीत तिकिटं मुलांना फार आवडायची; पंचाने भोक पडलं की त्यातून एक डोळा मिटून बघायची. मशीनमधून येतो तो गुळगुळीत कागद, तो बघण्यापेक्षा चघळायलाच बरा. एकदा पाटणच्या अलीकडे मार्ग तपासणी पथक चढलं. साहेबांनी एका बाईकडे तिकीट मागितलं. तिने काखेतल्या बाळाकडे बोट दाखवलं. साहेब वाकले, ‘‘कुठंय रे तिकीट?’’ बाळाने हसून तोंड उघडलं. आत लगदा. मशीनमध्ये नोंद होती, थांबा जुळला, रक्कम जुळली, प्रश्न मिटला. साहेब उतरताना मला एवढंच म्हणाले, ‘‘मॅडम, याच्यापुरतं तिकीट आजीकडे देत जा.’’ तेव्हापासून मी खरंच तसं करते. तिकीट आणि सुटे पैसे मुलाच्या आवाक्याबाहेर, मोठ्या माणसाच्या मुठीत. रुपयाचं नाणं हातात पडलं की मूल पहिलं काम करतं ते तोंडात टाकायचं, आणि चालत्या गाडीत घशात नाणं अडकलं तर काय होईल, याचा विचारसुद्धा मला नको असतो. मोबाइलवरून पैसे द्यायची सोय आली, तिचा माझ्या दृष्टीने हा एक मोठा फायदा.

बसायचं कुठे, यावर मी थोडी हुकूमशाही करते. तान्हं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट द्यायची नाही. खड्ड्यात गाडी मागे सर्वांत जास्त उसळते. दोन चाकांच्या मधली जागा सगळ्यात बरी. मुलाला खिडकी हवी असते आणि खिडकीत तीन धोके असतात. बाहेर काढलेला हात, सरकत्या काचेत सापडणारी बोटं आणि सीटवर उभं राहून बाहेर बघण्याची हौस. चालकाने ब्रेक लावला की उभं असलेलं मूल थेट पुढच्या सीटच्या दांड्यावर. खासगी मोटारीत मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सीट हवी, नाहीतर हजार रुपये दंड, अशी तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आली. आमच्या गाडीत आईच्या हाताशिवाय दुसरं काही नाही. म्हणून घाट सुरू व्हायच्या आधी मी एक चक्कर मारते आणि उभी असलेली सगळी पोरं खाली बसवते. ‘‘बाळा, ड्रायव्हर काका आरशातून बघतायत बरं का,’’ एवढं पुरतं. ते खरोखर बघत असतात, पण मागून येणाऱ्या ट्रककडे.

पोफळी सोडली की वळणं सुरू होतात आणि बस लागायलाही तिथूनच सुरुवात होते. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो की आपण वळतोय, उसळतोय. डोळ्यांसमोर मात्र पुढच्या सीटची स्थिर पाठ किंवा मोबाइल असतो. दोघांचं पटत नाही आणि त्याची शिक्षा पोटाला. एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती, ती एका डॉक्टरबाईंनी प्रवासात सांगितली आणि पुढे मीही ती पडताळून पाहिली. दोन वर्षांच्या आतल्या बाळांना सहसा बस लागत नाही. दोन ते बारा या वयातल्यांना सगळ्यात जास्त लागते. त्यामुळे घाटातलं चित्र असं असतं, मांडीवरचं बाळ मजेत, शेजारचा पाच वर्षांचा हिरवा-पिवळा आणि त्याला सांभाळता सांभाळता आईचंच डोकं गरगरायला लागलेलं.

अशीच एक मुलगी, असेल बावीस-तेवीसची, पदराला गाठ मारून बसली होती. तिसऱ्या की चौथ्या वळणावर तिने माझ्याकडे बघितलं, बोलता येईना, नुसतं बाळ पुढे केलं. मी घेतलं. तिने खिडकीतून मान बाहेर काढली. पुढची दहा मिनिटं मी दांड्याला पाठ टेकून उभी, डाव्या हातावर सात-आठ महिन्यांचं बाळ, गळ्यात तिकिटाचं मशीन. बाळाला मशीनचे दिवे फारच पसंत पडले. त्याने दोन्ही हातांनी बटणं दाबायला सुरुवात केली. मी मशीन पाठीवर टाकलं, तर त्याने माझ्या शर्टाच्या खिशातलं पेन काढलं. मागून एक आजोबा म्हणाले, ‘‘ताई, त्याला बी घ्या भरतीला.’’ सगळी गाडी हसली. ती मुलगीही, तोंड पुसता पुसता. तिचं हसू बघून मला वाटलं, आता बरी आहे ही. शेजारच्या मावशींनी तिला आलं दिलं, कुणी लिंबू दिलं, पुढच्या बाकावरच्या कॉलेजच्या पोरीने जागा बदलून दिली.

बस लागण्यावर घरोघरी औषधं आहेत. आवळा सुपारी, आल्याची वडी, लिंबू हुंगणं. ती जरूर करावीत. पण मला जास्त उपयोगी वाटलेल्या गोष्टी अगदी साध्या. मुलाला उपाशी आणू नका आणि वडापाव खाऊन लगेच चढवू नका. हलकं काहीतरी तासभर आधी द्या. पुढच्या किंवा मधल्या सीटवर बसवा, लांबचा डोंगर बघायला सांगा. मोबाइल काढून घ्या, रडलं तरी चालेल, ओकण्यापेक्षा रडणं बरं. गोळी द्यायची तर निघायच्या आधी आणि डॉक्टरांनी मुलाच्या वजनाप्रमाणे सांगितली तेवढीच; घाट सुरू झाल्यावर दिलेली गोळी नुसती बाहेर येते. आणि दोन पिशव्या आणा, एक नव्हे. पहिली भरली की दुसरी लागते. पिशवी खिडकीबाहेर फेकू नका. मागच्या मोटारसायकलवाल्याचाही विचार करा.

मुलांचं दुसरं संकट म्हणजे लघवी. मोठं माणूस पाटणपर्यंत दम धरतं, चार वर्षांचं मूल ‘‘आई, शू’’ म्हणतं तेव्हा त्याच्याकडे फार तर दोन मिनिटं असतात. थांबा नसलेल्या जागी गाडी थांबवायची म्हणजे चालकाची नाराजी, वेळेचं गणित आणि मागून येणारी वाहनं. पण मूल म्हटलं की गाडीतली सगळी माणसं एका बाजूला होतात. ‘‘थांबवा हो, पोराला लागलीय!’’ चालकही थांबवतो. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतो आणि तंबाखू मळतो.

इथे हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ‘पोराला लागलीय’ म्हणून गाडी थांबली की मुलाबरोबर आई उतरते, झाडाआड जाते आणि परत येते तेव्हा सुटल्यासारखा चेहरा मुलापेक्षा आईचा असतो. मूल तर कधीकधी झोपलेलं असतं, त्याला उठवून नेलेलं असतं. बाईला स्वतःसाठी भरल्या गाडीत ‘थांबवा’ म्हणायची लाज वाटते. मुलाच्या नावावर ती मागू शकते. तेव्हापासून मी कुणाला लागलीय हे विचारतच नाही. मागणी आली की बेल देते. उलट घाटमाथ्यावर चहाला गाडी थांबली की स्वतःहून मोठ्याने सांगते, ‘‘इथून पुढे पाटणपर्यंत थांबणार नाही, बायकामुलांनी जाऊन घ्या.’’ असं जाहीरपणे सांगितलं की कुणाला मागावं लागत नाही. एवढ्या एका वाक्याने पुढचा घोळ निम्मा टळतो.

आणि दूध. रायगडाच्या पायथ्याची गवळण हिरकणी, गडाचे दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळासाठी अंधारात कडा उतरून गेली, ही गोष्ट महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही ठाऊक. एसटीने तिचं नाव निमआराम गाडीला दिलं आणि बसस्थानकांत स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष आले. ते हवेतच. पण कक्ष स्थानकात असतो आणि बाळाला भूक घाटात लागते. भरल्या गाडीत पदर पुढे घेऊन, खिडकीकडे तोंड करून बाळाला पाजणं हे कौशल्य आमच्या बायकांकडे आहे, पण ते त्यांना दाखवावं का लागावं? मी एवढंच करू शकते की शेजारी पुरुष असेल तर त्याला पुढे जागा देते आणि तिथे एखादी मावशी आणून बसवते. पुरुषही सहसा कुरकुर करत नाहीत. बऱ्याच जणांना उठायचंच असतं, फक्त कुणीतरी सांगावं लागतं.

या विषयात मी त्रयस्थ नाही. माझा मुलगा तान्हा असताना पहाटेच्या गाडीसाठी मी घर सोडायचे, तेव्हा तो झोपेत असायचा आणि सासूबाई त्याच्या अंगावरची गोधडी सारखी करत असायच्या. गाडीत दुसऱ्याचं बाळ भुकेने रडलं की मला पान्हा फुटायचा. खाकी शर्टाच्या आत टॉवेलची घडी ठेवून मी तिकिटं दिली आहेत. कामावरच्या कितीतरी बायका हे करतात, बँकेत, शेतात, शाळेत. फरक इतकाच की माझं बाळ माझ्यापासून तासागणिक पन्नास किलोमीटरने लांब जात असायचं.

अलीकडे एक बदल दिसतो आणि तो चांगला आहे. एकटे बाप मुलांना घेऊन प्रवास करू लागलेत. असा बाप गाडीत आला की पहिल्या दहा मिनिटांत त्याला सगळ्या बायकांकडून मोफत शिकवणी मिळते. टोपरं घाला, मान धरा, आडवा धरू नका, बिस्कीट भिजवून द्या. तो बिचारा ‘‘हो मावशी, हो काकू’’ करत राहतो. पण त्याचीही एक खरी अडचण आहे. सोबत चार वर्षांची मुलगी असेल तर तिला स्वच्छतागृहात कुठल्या बाजूला न्यायचं? पुरुषांकडे नेववत नाही, बायकांकडे जाता येत नाही. हिरकणी कक्षाचं दार त्याच्यासाठी नाही. एका तरुणाने घाटमाथ्यावर मला हळूच विचारलं, ‘‘ताई, हिला घेऊन जाल का?’’ मी नेलं. पण गाडीत बाई वाहक नसती तर? मूल सांभाळणं हे फक्त आईचं काम, असं गृहीत धरून बांधलेल्या जागा बापाला मदत करायला शिकवत नाहीत.

सगळे प्रवासी प्रेमळ असतात असं नाही. बाळ पंधरा मिनिटं रडलं की मागून आवाज येतोच, ‘‘अहो, गप्प करा त्याला!’’ जणू आईला ते रडणं ऐकायची हौस आहे. मी त्या माणसाशी वाद घालत नाही. त्याच्यासमोर उभी राहून विचारते, ‘‘दादा, खिडकी थोडी उघडता का? बाळाला उकडतंय.’’ काम दिलं की तक्रार थांबते. सकाळच्या फेरीला शाळेच्या मुली असल्या तर प्रश्नच नाही. दप्तर खाली, बाळ मांडीवर, आई निवांत. अंगणवाडीतही एवढी माया मिळणार नाही. हल्ली मात्र रडणाऱ्या मुलाच्या हातात आधी मोबाइल जातो. मूल गप्प होतं, घाटात त्याला बस लागते आणि शेजारच्या माणसाशी त्याची ओळख व्हायची राहून जाते.

इतकी वर्षं हे बघून माझं एक मत पक्कं झालंय. लहान मुलांचा प्रवास अवघड होतो तो मुलांच्या हट्टामुळे नव्हे. ती कुणाच्याच मोजणीत नसतात म्हणून. माझ्या वेबिलमध्ये पूर्ण तिकिटं असतात, अर्धी असतात, पासधारक असतात. २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना प्रवास मोफत झाला, तरी त्यांना शून्य रुपयांचं तिकीट द्यावं लागतं. एक पैसा येत नाही, पण नोंद होते. कुठल्या मार्गावर किती आजी-आजोबा गेले, ते सरकारला कळतं. पाच वर्षांखालच्या मुलाला पैसेही नाहीत आणि तिकीटही नाही. गाडीत पन्नास माणसं आणि बारा तान्ही असली तरी माझा कागद पन्नासच सांगतो. त्या बारांसाठी पायरी किती उंच हवी, पाणी कुठे हवं, गाडी कुठे किती मिनिटं थांबायला हवी, हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर ती बारा जण कधी पोचतच नाहीत.

रेल्वेने २०१६ पासून पाच ते बारा वयाच्या मुलाला वेगळा बर्थ हवा तर पूर्ण भाडं घ्यायला सुरुवात केली. लोक चिडले, पण निदान मुलाची जागा कागदावर आली. २०२२ मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात खालच्या बर्थला जोडून तान्ह्या बाळासाठी घडीचा छोटा बर्थ प्रायोगिक म्हणून बसवला गेला. प्रयोग छोटा, पण आईच्या शेजारी झोपणारं बाळ हाही एक प्रवासी आहे, हे त्यात कुणीतरी मान्य केलं होतं. एसटीला बर्थ नको. पाच वर्षांखालच्या मुलालाही शून्य रुपयांचं तिकीट द्या. माझं काम थोडं वाढेल, मशीनचा कागद थोडा जास्त जाईल. पण वर्षभराने हातात आकडे येतील आणि आकड्यांवर सोयी मागता येतात. मायेवर फक्त जागा मिळते, तीही मिळाली तर.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आयांना आणि बापांना एक सांगणं. गाडीत चढल्या चढल्या वाहकाला सांगा, बाळ लहान आहे, घाटात त्रास होतो, मध्ये थांबावं लागेल. सांगितलं तर आम्ही सोय करतो. न सांगता सोसत बसलात तर आम्हाला कळत नाही. मुलाला खिडकीतून आत देऊ नका. आणि बाकीच्यांना, म्हणजे ज्यांचे दोन्ही हात मोकळे आहेत त्यांना, विनंती. मूल घेतलेल्या माणसाला आधी चढू द्या. गाडी तुम्हाला सोडून जाणार नाही, डबल बेल मीच देते.